दुःखाची कंटिन्युइटी : मराठी मालिकाकर्त्यांना फोंड्याहून एक खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते, दिग्दर्शक आणि कथा, पटकथा व संवाद लिहिणारे सर्व लेखक यांस

विषय : मालिकांतील पात्रांच्या विस्मरणाबाबत

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत मराठी शिकवून २०२२ साली निवृत्त झाले. घरात मी आणि माझी ८६ वर्षांची आई, अशा दोघीच असतो. तुळशीपुढे दिवा लागला, देवाला हात जोडून झाले की आई आपल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसते आणि साडेसातपासून दहापर्यंत तुमच्या मालिका आमच्या घरात नांदतात. बोलणे कोकणीत आणि वाचन, आरत्या, नाटक मराठीत, ही गोव्यातल्या पुष्कळ घरांची जुनी रीत आहे. गेल्या पंचवीस वर्षांत तिच्यात मालिकांची भर पडली, एवढेच. मालिकेतली सून मराठीत रडू लागली की आई तिची समजूत घालते ती मात्र कोकणीतच : "रडूं नाका गो बाये." प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क'च्या दफ्तरी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरला जातो, त्यामुळे आमच्या बाजूचे प्रेक्षकही तुमच्या आकड्यांत येतातच, आणि हे पत्र लिहायला तेवढा हक्क मला पुरेसा वाटतो.

मालिकांवर नेहमी होणारी टीका मला करायची नाही. रात्री झोपतानाही उतरत नसलेल्या पैठण्या, दाराआडून ऐकली जाणारी कारस्थाने, एका थपडेसाठी खर्ची पडणारा आख्खा भाग, यांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे. खरे सांगायचे तर मला ते चालते आणि आईला आवडते. सासूच्या गळ्यातल्या दागिन्याची घडण नीट दिसावी म्हणून ती चष्मा पुसून बसते. माझे म्हणणे एका गोष्टीपुरते आहे. तुमच्या मालिकांतली पात्रे विसरतात. ज्यासाठी आम्ही रडलो, ते त्यांना स्वतःलाच आठवत नाही.

घडले ते सांगते. मालिकेचे आणि वाहिनीचे नाव मुद्दामच घालत नाही, कारण हा दोष त्या एका मालिकेचा नाही, आणि ज्या प्रसंगावरून मी लिहायला बसले तो प्रसंग तर तिने फार चांगला केला होता. त्या मालिकेतल्या धाकट्या सुनेला दिवस गेले होते. मुलगी झाली तर तिचे नाव ओवी ठेवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते आणि ते फक्त थोरल्या जावेच्या कानात सांगितले होते. सातव्या महिन्यात मूल गेले. इस्पितळ, धावपळ, मान खाली घालून बाहेर येणारे डॉक्टर, हे सगळे ठरल्याप्रमाणे झाले, पार्श्वसंगीताने आपले काम केले आणि आम्ही दोघींनी ते कोरड्या डोळ्यांनी पाहिले. खरा प्रसंग आला तो त्यानंतर दोन दिवसांनी.

सून घरी परतली आहे. दुपारची वेळ आहे. तिच्याशी काय बोलावे हे न कळून घरातली माणसे आपापल्या खोल्यांत शिरली आहेत. ती स्वयंपाकघरात येते, डब्यातले तांदूळ ताटात काढते आणि निवडायला बसते. सुरुवातीला खरोखरीचे खडे निघतात, ते ती ताटाच्या कडेला ठेवते. मग खडे संपतात, पण बोटे थांबत नाहीत. अंगठ्याने ती तांदूळ एका बाजूला सारते, पुन्हा मधोमध आणते, पुन्हा सारते. थोड्या वेळाने थोरली जाऊ दारात येते, ताटाकडे बघते, काही न बोलता समोर बसते आणि त्याच ताटात हात घालून न उरलेले खडे शोधू लागते. संवाद एकही नाही. आलाप नाही, ढोल नाही, छताच्या पंख्याचा आवाज तेवढा येत राहतो. कॅमेऱ्याने तीन बाजूंनी तीनदा चेहऱ्यावर झेप घेतली नाही. त्या मुलीने डोळ्यांतून टिपूस काढले नाही. नखात अडकलेला कोंडा काढावा तसे तिने एकदाच अंगठ्याकडे पाहिले आणि पुन्हा हात ताटात घातला. सगळे मिळून मिनिटभराचे काम असेल. (आईने तेवढ्यात एक निरीक्षण नोंदवलेच, की हे दुकानातले पांढरे तांदूळ आहेत, ह्यांत एवढे खडे कुठले, उकडे असते तर पटले असते. पण ते तिने अगदी सुरुवातीला म्हटले. नंतर ती बोलली नाही.)

प्रसंग संपायच्या आत आईने माझ्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. आमच्या घरात असे होत नाही. पावसात वीज गेली तरच मालिका मध्ये थांबते. तिला बरे वाटत नसेल म्हणून मी पाणी आणले. ते तिने घेतले नाही. बऱ्याच वेळाने, बंद पडद्याकडे बघत ती म्हणाली, "म्हजेंय एक गेलें. तुजे आदीं."

मी ६३ वर्षांची आहे आणि त्या संध्याकाळपर्यंत स्वतःला या घरातले पहिले अपत्य समजत होते. १९५९ साली, पोर्तुगीज अमदानीत, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आईचे मूल सातव्याच महिन्यात गेले, ती मुलगी होती, कुठे बोलायचे नाही असे सासूने बजावले होते, आणि आठव्या दिवशी आई मुसळ घेऊन भात कांडायला उभी राहिली होती. हे मला तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी कळले, तेही तांदूळ निवडणाऱ्या एका परक्या मुलीमुळे. वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनीही कधी तो विषय काढला नव्हता. त्या रात्री आई अकरा वाजेपर्यंत बोलत होती. एरवी दहाला तिचा डोळा लागतो.

आता तुमच्या हिशेबाच्या बाजूने ही घटना पाहू. ज्या निवडक घरांतल्या टीव्हीला 'बार्क'चे मापक यंत्र जोडलेले असते, त्यांत आमचे घर असते, तर त्या मिनिटाला आमच्याकडून तुम्हाला शून्य मिळाले असते. गुरुवारी आठवड्याचे आकडे हाती पडतात, तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी त्या मिनिटावर बोट ठेवून म्हणाले असते, की इथे प्रेक्षक तुटला, असले शांत सीन नकोत. म्हणजे तुमची मालिका ज्या क्षणी आमच्या घरात सर्वांत खोल पोचली, नेमक्या त्याच क्षणी तुमचे माप तिला नापास करते. उलट, खलनायिकेने दुधात औषध कालवण्याचा प्रसंग तीन दिवस लांबला तर आम्ही तिला लाखोली वाहत तिन्ही दिवस टीव्हीसमोर बसून राहतो, कारण ते दूध कोण पिते ते बघायचे असते, आणि ती सगळी मिनिटे तुमच्या खात्यावर जमा होतात. यात यंत्राचा दोष नाही. टीव्ही चालू आहे की बंद, वाहिनी कोणती, समोर घरातले कोण बसले आहे, एवढे सांगण्यासाठीच ते आहे. टीव्ही बंद केल्यावर घरात काय बोलणे झाले, हे त्याने कसे सांगावे?

पुढचे लिहिताना मला त्रास होतो. पंधरवडाही झाला नसेल, तोच मालिकेत नवा ट्रॅक सुरू झाला. नणंदेचे लग्न निघाले. मेंदी झाली, हळद झाली, रविवारी महाएपिसोड झाला आणि धाकटी सून सगळ्यांच्या पुढे होऊन नाचली. पहिल्या दिवशी आई काही म्हणाली नाही. घरात कार्य असले की माणसाला हसावे लागते, हे तिला कुणी शिकवायला नको. ती स्वतः तशीच हसली असणार. ती फक्त एका नजरेची वाट बघत होती, आणि हळदीच्या दिवशी ती वेळ आली असे आम्हाला दोघींना वाटले. कुणा पाहुणीने आपले तान्हे मूल सुनेच्या मांडीवर ठेवले. आई खुर्चीत पुढे सरकली. मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. सुनेने त्या बाळाला हातात घेऊन नाचवले, बाळाने नवरदेवाचा झब्बा भिजवला, सगळे मोठ्याने हसले आणि जाहिराती सुरू झाल्या. त्यानंतर महिना-दीड महिन्याने खलनायिका सुनेला म्हणाली, "आईपण म्हणजे काय ते तुला काय कळणार?" आणि सुनेने खालच्या मानेने उत्तर दिले, "देव देईल तेव्हा कळेल."

आईने माझ्याकडे वळून विचारले, "तिका उगडास ना?"

मला उत्तर देता आले नाही. आठवण तिला नाही असे नव्हे, तिच्या लेखकाला नाही. किंवा तो लेखक आता ती मालिका लिहीतच नाही. किंवा लिहितो, पण ते मूल हा मागच्या ट्रॅकचा विषय होता आणि तो ट्रॅक बंद झाला. हे मी तिला कोणत्या शब्दांत सांगणार होते? आईने मालिका सोडलेली नाही. पण ती सून पडद्यावर आली की आता ती जपमाळ हातात घेते आणि नजर खाली ठेवते. समजूत घालणे थांबले आहे.

कुणी म्हणेल, मालिका म्हणजे सगळे खोटेच, त्यात आणखी एका खोट्याचा एवढा बाऊ कशाला. पण कोणते खोटे चालते आणि कोणते चालत नाही, याची आमची समज तुम्हाला वाटते तितकी भाबडी नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले, तेव्हा तुमच्यापैकी काही मंडळी आपली युनिटे घेऊन गोव्यात आली होती आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथल्या परवानग्या मागे घेतल्या जाईपर्यंत इथे काम चालू होते. त्या दिवसांत मुंबईतला म्हणून दाखवलेल्या एका घराच्या अंगणात आईने चिऱ्याची गडगी ओळखली, मागचे माड ओळखले आणि "हें आमगेलेंच" म्हणून हसली. पण पाच मिनिटांनी त्याच अंगणात नायिकेचा बाप कोसळला, तेव्हा ती मुंबईत कोसळला असे मानूनच हळहळली. जागेची थाप आम्ही हसत पचवतो. नट बदलला, म्हणजे तुमच्या भाषेत रिप्लेसमेंट झाली, तर पहिले चार दिवस आम्ही नव्या चेहऱ्याकडे संशयाने बघतो आणि पाचव्या दिवशी तिला जुन्या नावाने हाक मारतो. डोळ्यांत ग्लिसरीन असते हे शेंबडे पोरही जाणते. हे सगळे मान्य करूनच आम्ही समोर बसलेलो असतो. एका गोष्टीवर मात्र आमचा भार असतो. काल जे घडले ते त्या माणसाला आज ठाऊक असले पाहिजे. तेवढा आधार काढून घेतला, तर आम्ही हळहळायचे कुणासाठी?

ही अपेक्षा आम्ही टीव्हीसाठी नव्याने शिकलो, असे नाही. आमच्याकडे जत्रेला आणि काल्याला देवळाच्या प्रांगणात मराठी नाटक होते. वर्षभर शेतात, दुकानात, कचेरीत राबणारी गावातलीच माणसे त्यात उभी राहतात, आणि फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात कला अकादमीच्या स्पर्धेत जी नाटके होतात त्यांची मुळेही याच मातीत आहेत. आमच्याच तालुक्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर पुरुष असून स्त्रीभूमिकांत उभे राहिले आणि लोकांनी ते मानले. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या नाटकात वडिलांकडे ठरलेले काम असे ते खलपुरुषाचे. एका वर्षी दुःशासन केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर येणाऱ्या मासळीवालीने त्यांना बांगडे द्यायला नकार दिला. आई गेली तर दिले, वर दोन जास्त घातले, आणि जाताना म्हणाली की काम मात्र झकास केले हो, रात्रभर झोप नाही. राग कुठवर ताणायचा याचा त्या बाईचा हिशेब पक्का होता. त्या नाटकांची आणखी एक गंमत अशी, की पहाटे तीन-चारच्या सुमाराला दमलेला नट वाक्य विसरला, तर विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या आधी समोरच्या रांगेतला एखादा म्हातारा ते वाक्य म्हणून टाकी. प्रेक्षकाची आठवण नटाच्या आठवणीला धरून ठेवी. आज मी टीव्हीसमोर बसून तुमच्या सुनेला तिचे विसरलेले वाक्य सांगू शकत नाही, म्हणून हे पत्र.

वर्गात रसविचार शिकवताना मी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवायचा प्रयत्न करीत असे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्थायीभाव आठ आहेत आणि व्यभिचारी, म्हणजे संचारी, भाव तेहतीस. संचारी येतात आणि जातात. लाज येते, चिंता येते, हर्ष येतो आणि ओसरतो. पण त्यांच्या खाली एक भाव मुक्कामाला असतो आणि येणारेजाणारे सगळे त्याच्यात मिसळून त्यालाच पोसतात, तेव्हा कुठे रस होतो. शोक मुक्कामाला असेल तर हळदीतला नाचसुद्धा करुण होऊ शकतो. तुम्हाला तो नाच कापायची गरज नव्हती, लग्न पुढे ढकलायची गरज नव्हती. नाचता नाचता मांडीवर आलेल्या त्या मुलाच्या टाळूवर तिने एक क्षण जास्त हात ठेवला असता, तर झब्बा भिजल्यावर आम्हीही हसलो असतो आणि आमचे डोळेही भरले असते. पैशाचा खर्च शून्य होता. वेळ दोन सेकंदांचा लागला असता. मालिकांत आज तेहतीसच्या तेहतीस संचारी एका आठवड्यात येऊन जातात, मुक्कामाला मात्र कुणीच नसते.

हे जमूच शकत नाही, असे म्हणायला वाव नाही, कारण ते तुमच्यातल्याच काहींनी करून दाखवले आहे. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली अण्णा नाईक यांच्या मृत्यूने सुरू झाली आणि २०१९ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या भागात त्याआधी घडलेली गोष्ट सांगितली गेली. म्हणजे अण्णांचे काय होणार हे आम्हाला अगोदरच ठाऊक होते. मालिकेचे चित्रीकरण जिथे झाले ते आकेरी गाव काही आमच्यापासून दूर नाही. पेडण्यातून हद्द ओलांडली की सावंतवाडीकडची ती भाषा सुरू होते, त्यामुळे त्या मालिकेतले बोलणे आमच्या कानांना परके नव्हते. माधव अभ्यंकरांच्या अण्णांवर आई कडाकडा बोटे मोडी. पण मला आठवतात त्या शकुंतला नरे यांनी केलेल्या माई. माईंच्या वाट्याला मोठी भाषणे नव्हती. नवऱ्याच्या एकेका कृत्याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर साठत गेला आणि पुढे पुढे तर त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी मागचे सगळे भाग त्यांच्याबरोबर उभे राहत. कमी बोलणाऱ्या नटीला हे बळ कुठून येते? तिच्या पात्राला आठवण असते, यातूनच ते येते. माझ्या मते त्या मालिकेतली भुते तेवढी भीतिदायक नव्हती, जेवढे माईंचे न विसरणे होते.

यातूनच आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो असे मला वाटते. खलनायिका साकारणाऱ्या मुलींना लोक समाजमाध्यमांवर अर्वाच्य बोलतात, त्यांच्या छायाचित्रांखाली घाण लिहितात. आम्हा प्रेक्षकांच्या वतीने मला याची शरम वाटते, आणि एकदा, रागाच्या भरात, मीही असे एक वाक्य लिहिले होते, ते नंतर पुसून टाकले. पण विचार करता लक्षात येते, की मासळीवालीचा राग दुःशासनावर थांबला, तो माझ्या वडिलांच्या अंगाला लागला नाही, कारण दुःशासन कोण, त्याचे वैर कशावरून, हे तिला पाठ होते. राग ठेवायला तिच्याजवळ जागा होती. तुमच्या खलनायिकेला मागचे काहीच नसते. ती का दुष्ट आहे हे तिला ठाऊक नसते, गेल्या महिन्यात पाय धरून मागितलेली क्षमा तिला या महिन्यात आठवत नाही. अशा पोकळ पात्रावर राग ठरत नाही. तो घसरतो आणि ते काम करणाऱ्या मुलीच्या अंगावर जातो. आई अजून जुन्या वळणाची आहे. बोटे मोडता मोडता ती मध्येच म्हणते, "काम बरें करता हां ती." नव्या पिढीला ते वळण लावण्यात तुमचाही थोडा हात लागावा.

तुमची अडचण मला कळत नाही, असे समजू नका. जाहिराती वजा जाता रोज बावीसेक मिनिटे, आठवड्याचे सहा दिवस, कधी सातही, आणि हे वर्षानुवर्षे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. एवढे लिहायला व्यासांना गणपती लागला होता. तुमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपलेली. सीन सकाळी सेटवर येतो आणि दुपारी शूट होतो. त्यात गुरुवारचा आकडा खाली आला की शुक्रवारी ट्रॅक वळवा म्हणून निरोप येतो. अशा गडबडीत एका न जन्मलेल्या मुलीची आठवण कोण ठेवणार? तरीही मला एक गोष्ट खटकते. तुमच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळणारे माणूस असते. नायिकेच्या उजव्या हातात बांगड्या किती होत्या, टिकली चंद्रकोर होती की गोल, पदर डाव्या खांद्यावर होता की उजव्या, हे ते माणूस टिपून ठेवते, फोटो काढून ठेवते, आणि दारातून आत येईपर्यंत बांगडीचा रंग बदलला तर सगळे युनिट थांबवते. हे मी कौतुकाने लिहिते आहे. बांगडीसाठी एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेत दुःखाची कंटिन्युइटी कुणाकडेच दिलेली नाही, याचे मला नवल वाटते.

माझी मागणी म्हणून मोठी नाही. प्रत्येक मालिकेच्या लेखकांच्या खोलीत एक साधी वही असावी. तिच्यात पात्राच्या नावापुढे एवढेच लिहावे, की याचे काय गेले, याला कुणी काय बोलले, याने कुणाला कोणते वचन दिले, आणि कोणती गोष्ट फक्त कोणाला ठाऊक आहे. लेखक बदलला तर आधी ती वही वाचावी आणि मग लॅपटॉप उघडावा. लीप घ्यायचाच असेल तर पाच वर्षांचा घ्या, सात वर्षांचा घ्या, आमची ना नाही, फक्त त्या वर्षांतून वहीही पलीकडे न्या. नवी नटी आली तर तिच्या हाती साडी देण्याआधी ती वही द्या. मला खात्री आहे की तुमचे नट यासाठी तुमचे आभार मानतील, कारण आठवण काढून घेतली की नटाकडे फक्त भुवया उरतात, आणि मग बिचारे भुवयांनीच काम करतात.

हे पत्र मी आईला वाचून दाखवले. मुसळाचा आणि १९५९ सालचा उल्लेख ठेवू का, म्हणून विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग 'ठेव' म्हणाली. तिने दोन गोष्टी तेवढ्या सुचवल्या आहेत. पहिली म्हणजे तांदूळ उकडे घ्यावेत. दुसरी गोष्ट त्या धाकट्या सुनेच्या घरासाठी आहे. ती मालिका अजून चालू आहे आणि थोरली जाऊही अजून तिच्यात आहे. ओवी हे नाव त्या दोघींनाच ठाऊक आहे. रडारड नको, ट्रॅक नको, संगीत नको. एखाद्या दिवशी भाजी चिरताना थोरलीने ते नाव एकदा घ्यावे, आणि धाकटीने ऐकले असे आम्हाला दिसावे.

आपली नम्र,
फोंडा तालुक्यातील एक प्रेक्षक